पाडव्याच्या जेवणाला घरची जुनी भांडी: माळ्यावरून टेबलापर्यंत

गुढीपाडव्याला घरी चार माणसं जेवायला बोलवायचीत, माळ्यावर आजीची नाहीतर सासूबाईंची पितळी ताटं, चांदीच्या वाट्या, चिनी मातीच्या बश्या पडून आहेत, यंदा त्या काढूयाच असं मनात आहे पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाहीये, अशांसाठी हे लिहितेय. मुंबईतल्या आपल्या वन बीएचकेमध्ये, भिंतीला टेकलेल्या छोट्याशा डायनिंग टेबलवरही हे नीट जमतं. पूर्ण सेट लागत नाही, नवीन काही घ्यावं लागत नाही.

फक्त नेहमीचा क्रम उलटा करायचा. आपण आधी मेन्यू ठरवतो आणि मग हाताला लागेल त्या भांड्यात वाढतो. जुन्या भांड्यांचं असं चालत नाही, आधी भांडी बघायची, कुठलं काय सोसतं ते समजून घ्यायचं आणि मग कशात काय वाढायचं ते ठरवायचं. पाडव्याला तर हे फारच महत्त्वाचं, कारण श्रीखंड, कोशिंबीर, कैरीचं पन्हं, आंबेडाळ, लिंबाची फोड, लोणचं, म्हणजे निम्मं ताट आंबट, आणि आंबटाचं नि पितळेचं अजिबात पटत नाही.

आधी माळा उतरवा

आठ-दहा दिवस आधी एखाद्या रविवारी हे करा, आदल्या दिवशी नको. सगळं खाली काढा, जमिनीवर जुनी चादर पसरा आणि धातूप्रमाणे ढीग करा. पितळ पिवळं, तांबं लालसर, ते लगेच कळतं. कांसं ओळखायला थोडी सवय लागते, रंग पितळेपेक्षा जरा मळकट-तांबूस असतो आणि बोटाच्या पेराने टिचकी मारली की आवाज बराच वेळ घुमत राहतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कांसं म्हणजे तांबं आणि कथील, त्यामुळे दोघं दिसायला भाऊबंद असले तरी स्वभाव वेगळा. पितळी ताट पडलं तर पोचा येतो, काशाची वाटी पडली तर तडकते, तेव्हा काशाचं जे असेल ते लहान मुलांच्या पुढे ठेवू नका.

शंका आली तर फ्रिजवरचं मॅग्नेट लावून बघा. खऱ्या पितळेला आणि तांब्याला ते चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा आहे, असं भांडं फुलं ठेवायला वापरा, जेवायला नको. पांढरं हलकं भांडं, ज्याला घरात जर्मनचं म्हणायचे, ते अ‍ॅल्युमिनियम. त्यात आंबट काही ठेवायचं नाही, पण दुसरं काही केलं तर चालतं. आणि स्टीलच्या ताट-वाट्या! बऱ्याच घरांत त्या जुने कपडे देऊन बोहारणीकडून घेतलेल्या असतात आणि लोक त्यांना वारसा मानतच नाहीत. माझं मत स्पष्ट आहे, ज्या ताटात तुमची आई चाळीस वर्षं जेवली ते ताट स्टीलचं असलं म्हणून काही कमी होत नाही. शिवाय पाडव्याच्या आंबट पदार्थांना स्टीलसारखं बिनधास्त दुसरं काही नाही.

भांडी हातात आहेत तोवर नावं वाचून घ्या. काठाखाली किंवा बुडाशी ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं असतात, त्या ठिपक्यांत वर्षानुवर्षांची पावडर आणि मळ बसून ती बुजलेली असतात. जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवलं की एकेक अक्षर वर येतं, आधी ‘चि. सौ. कां.’, मग अर्धं पुसलेलं नाव, मग ‘यांजकडून सप्रेम’ आणि एखादं साल. कुणाच्या लग्नात आलं, कुणाच्या मुंजीतलं, हे घरातल्या मोठ्या माणसाला आत्ताच विचारून फोनवर फोटोखाली लिहून ठेवा. ही माहिती फक्त त्यांच्याकडेच असते.

कल्हई आहे का बघा

हा भाग घाईने वाचू नका, कारण यात पोटाचा प्रश्न आहे. पितळेच्या आणि तांब्याच्या पातेल्यांना आतून कल्हई असते, म्हणजे कथिलाचा पातळ थर. आत सगळीकडे चांदीसारखा करडा-पांढरा रंग दिसला तर कल्हई शाबूत आहे. मधे मधे पिवळं नाहीतर लाल डोकावतंय तर ती गेली. अशा भांड्यात दही, ताक, चिंच, कोकम, लिंबू, टोमॅटो काहीही ठेवलं की ते कळकतं, हिरवट दिसायला लागतं, चव तुरट-धातूसारखी होते, आणि ते खाल्लं तर मळमळ, उलट्या होतात. जुन्या पितळेत थोडं शिसंही असू शकतं, हे दुसरं कारण. त्यामुळे कल्हई गेलेल्या भांड्यात ओलं अन्न नाही, यात तडजोड नको.

कल्हई करून घ्यायची असेल तर पाडव्याच्या आधी निदान आठवडा हातात हवा. दारोदार ओरडत येणारे कल्हईवाले आता मुंबईत क्वचितच दिसतात, पण भुलेश्वर-पायधुनीकडे तांबाकाट्याच्या भांडीबाजारात विचारलंत तर करून देणारं कुणीतरी सापडतं. वेळ असेल तर समोर उभं राहून बघाच. भांडं आगीवर चांगलं तापवतात, नवसागराची चिमूट टाकतात, भस्सकन पांढरा धूर निघतो, कथिलाची कांडी आतून टेकवली की ती वितळते आणि कापसाच्या बोळ्याने सर्रकन गोल पुसलं की काळपट पिवळं पातेलं क्षणात आरशासारखं होतं. सांगताना एवढंच सांगा की जेवणाचं भांडं आहे, शुद्ध कथील हवं, शिसं मिसळलेलं नको.

कल्हईचं भांडं घरी आल्यावर दोन गोष्टी पाळायच्या. रिकामं गॅसवर तापवायचं नाही, कारण कथील २३२ अंश सेल्सियसलाच वितळतं आणि मोठ्या आचेवरच्या रिकाम्या भांड्याला तिथवर जायला वेळ लागत नाही. फोडणी वेगळ्या लोखंडी कढल्यात करून वरून ओता. दुसरं, आतून तारेची घासणी कधीच नाही, कथील मऊ असतं, चार दिवसांत खरवडून निघेल.

आणि कल्हईला वेळच नसेल तर? ताटांचं सोपं आहे, पितळी ताटाच्या मापाचं केळीचं पान गोल कापून आत घाला आणि त्यावर वाढा. दिसतंही सुंदर. पान आधी गॅसवरून झर्रकन फिरवून घ्या म्हणजे ते मऊ पडतं आणि ताटाच्या कडेला चिरत नाही.

घासणं, पण बेताने

पितळ-तांब्याला चिंचेचा कोळ किंवा लिंबू-मीठ, नाहीतर सरळ पितांबरी. लावा, मऊ कापडाने चोळा, लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करा. चिंच लावून तासभर विसरलात तर पितळेवर गुलाबी डाग येतात, आंबटाने वरचं जस्त खाल्लं जातं आणि तांबं उघडं पडतं, मग तो डाग घालवताना जीव जातो. पाण्याचे थेंब वाळू दिलेत तरी ठिपके राहतात, आपल्याकडच्या दमट हवेत तर हमखास. तेव्हा घासणाऱ्यासोबत पुसणारं एक माणूस बसवा, घरातली मुलं या कामाला खुशीने बसतात.

चांदीसाठी पातेल्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल पसरायची, वर वाट्या ठेवायच्या, चमचाभर खायचा सोडा घालून कडकडीत पाणी ओतायचं. वाटी फॉइलला टेकलेली हवी. चांदीवरचा काळेपणा म्हणजे गंधकाचा थर, तो फॉइलकडे ओढला जातो, आणि घासून घासून चांदी झिजवावी लागत नाही. मात्र नक्षीच्या खाचांत मुद्दाम काळं ठेवलेलं असेल तर हे करू नका, तेही निघून जाईल आणि नक्षी सपाट दिसायला लागेल. तिथे ओल्या मऊ कापडावर थोडी दंतमंजन पावडर घेऊन फक्त उंचवट्यावरून फिरवा.

चिनी मातीच्या बश्या-बाऊल कोमट पाण्यात, सिंकमध्ये खाली टॉवेल अंथरून एकेक धुवा. प्रत्येकीला टिचकी मारून बघा, खणखणीत वाजली तर ठीक, बद्द आवाज आला तर केसासारखा तडा आहे, त्यात गरम काही वाढू नका. सोनेरी कड असेल तर मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर दोन्ही बंद. खूप जुन्या, गडद रंगांच्या बश्यांच्या झिलईत शिसं असण्याची शक्यता असते, म्हणून त्यांच्यात पापड, कुरडया असं कोरडंच ठेवलेलं बरं.

आता मेन्यू लावा

कागद घ्या, एका बाजूला भांडी, दुसऱ्या बाजूला पदार्थ, आणि जोड्या जुळवा.

कोरडं ते पितळेत. पुऱ्या मोठ्या परातीत खाली स्वच्छ मलमलचं कापड घालून, पापड-कुरडया तसराळ्यात. या दोघांना कल्हईचीही गरज नाही. पांढरा भात आणि साधं वरण कल्हईच्या पातेल्यांत, वरण खरंच साधं हवं, हळद-हिंग-मीठ, आमसूल घालायचं असेल तर पातेलं बदला. बटाट्याची सुकी भाजी कल्हईच्या कढईत चालेल, लिंबू मात्र ताटात ज्याने त्याने पिळायचं.

श्रीखंडाला चांदीची वाटी. दह्याच्या आंबटपणाने चांदीला काही होत नाही, आणि फिक्या केशरी श्रीखंडाभोवती ती पांढरी कड इतकी खुलते की मी तरी दुसऱ्या कशात वाढत नाही. सगळ्यांपुरत्या वाट्या नसतील तर चिनी मातीच्या मोठ्या बाऊलमध्ये मधोमध ठेवा, सगळे तिथूनच घेतील. चांदीचा शत्रू मीठ, ते साचून राहिलं की छोटे खड्डे पडतात. म्हणून मीठ आणि लोणचं चांदीत नाही, त्यांना चिनी मातीच्या पिटुकल्या बरण्या, ज्या जवळपास प्रत्येक घरात एक-दोन असतातच.

कोशिंबीर आणि आंबेडाळ काचेत किंवा चिनी मातीत. पन्हं काचेच्या ग्लासात किंवा स्टीलच्या फुलपात्रात, पितळी पेल्यात कितीही शोभलं तरी नाही म्हणजे नाही. मठ्ठ्याचंही तेच. तांब्याच्या भांड्यात साधं पाणी एकदम उत्तम, फक्त त्यात लिंबू किंवा वाळ्याचं सरबत करायचं सुचू देऊ नका. आणि एक लक्षात ठेवा, घरातला सगळ्यात चांगला तांब्याचा गडू त्या दिवशी गुढीवर उलटा असतो आणि गुढी संध्याकाळी उतरते, म्हणजे जेवणाला तो मिळणार नाही. पाण्यासाठी दुसरा तांब्या आधीच बाजूला काढून ठेवा.

सेट पूर्ण नाही, मग काय

कुणाचाच नसतो. वाटण्या झाल्या की तीन ताटं एकाकडे, दोन दुसरीकडे, एक कुठे गेलं कुणालाच माहीत नाही. सहा माणसांना तीन पितळी आणि तीन स्टीलची ताटं बिनदिक्कत मांडा. टेबल विस्कळीत दिसू नये म्हणून एकच युक्ती, एखादी गोष्ट सगळ्यांना सारखी ठेवा. सगळ्या ताटांत केळीचं पान असलं, किंवा सगळ्यांच्या उजव्या हाताला एकसारखे काचेचे ग्लास असले, की खालच्या ताटांचा वेगळेपणा मुद्दाम केल्यासारखा वाटतो. ताटं आलटून पालटून मांडा, एका बाजूला सगळं पितळ आणि दुसऱ्या बाजूला सगळं स्टील असं करू नका, उगाच मानपान झाल्यासारखं दिसतं. ज्या मावशीच्या नाहीतर आत्याच्या आईचं ते ताट आहे, ते न बोलता तिच्यापुढे ठेवा, ती बरोबर ओळखते. एखादी वाटी चेपलेली असेल तर चेपलेली राहू दे, पोचे काढायला देऊन काठ पातळ करून आणू नका.

टेबल मांडणं

पितळ जड असतं. भिंतीतून उघडणारं फोल्डिंग टेबल असेल तर भाताचं पातेलं, परात आणि पाण्याची कळशी टेबलावर चढवूच नका, बाजूला स्टूल किंवा शिवण मशीनचं झाकण बंद करून त्यावर ठेवा. टेबलावर फक्त ताटं, ग्लास आणि लहान वाट्या. खाली जाडसर सुती कापड हवंच, नाहीतर सनमायकावर चरे पडतात. पांढरा पंचा किंवा साधी फिकी चादर छान, मधून एक खणाचा लांब पट्टा टाकला की झालं. पितळेच्या पिवळ्याला जांभळा किंवा हिरवा खण काय सुरेख दिसतो! भरगच्च प्रिंटचं टेबलक्लॉथ टाळा, भांडी हरवून जातात.

फुलं कमी आणि बुटकी ठेवा, समोरच्या माणसाचा चेहरा दिसला पाहिजे. पाडव्याच्या दिवसांत मोगरा भरपूर येतो, तांब्याच्या पंचपात्रात पाणी घालून ओंजळभर मोगरा टाकला तर बाकी काही लागत नाही. केळीची पानं, आंब्याचे डहाळे, झेंडू, कडुनिंब सगळं दादर स्टेशनबाहेरच्या फुलबाजारात मिळतं, पण आदल्या दिवशी भल्या पहाटे जा, नंतरची गर्दी आणि भाव दोन्ही झेपत नाहीत. पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली की दुसऱ्या दिवशी ताजी राहतात. समई टेबलावर नको, मार्च-एप्रिलमध्ये मुंबईत पंखा बंद ठेवून कोणी जेवू शकत नाही आणि पंख्याखाली ज्योत टिकत नाही. ती देवाजवळच्या कोपऱ्यात लावा. रांगोळी टेबलभर काढायच्या भानगडीत पडू नका, भुकटी ताटात उडते, टेबलाखाली किंवा उंबऱ्याशी काढा.

पाहुण्यांना वेळ देताना शोभायात्रेचा विचार करा. गिरगाव, डोंबिवली, ठाण्याकडून कोणी येणार असेल तर सकाळी रस्ते गच्च असतात, एक-दीडच्या आधी पान वाढू नका. पुऱ्या तर माणसं बसल्यावरच तळा.

वाढणं

केळीचं पूर्ण पान असेल तर निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. ताटात सुरुवात वर मधोमध मिठापासून. डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर, आंबेडाळ, म्हणजे थोडं थोडं खायचं ते. उजवीकडे भाजी आणि वाट्या, म्हणजे भरपूर खायचं ते, उजव्या हाताशी. मधे भाताची मूद, त्यावर वरण, त्यावर तूप. पुरी आणि श्रीखंड खालच्या बाजूला हाताजवळ. पितळी ताटात पान न घालता वाढत असाल आणि कल्हई नसेल, तर ओलं ते सगळं छोट्या स्टीलच्या वाट्यांत द्या, लिंबाची फोडसुद्धा.

वाढायला जुनं ओगराळं असेल तर वरणासाठी जरूर काढा, उभ्या दांड्यामुळे एक थेंब सांडत नाही. त्याची दांडी आणि बुड यांचा जोड तेवढा तपासा, तिथे हिरवा कळंक साठतो आणि वरवर घासून जात नाही, चिंच लावून टूथब्रशने काढावा लागतो. डाव, पळी, झारा यांच्या जोडांचंही तसंच.

जेवण झाल्यावर

सगळे श्रीखंडाने सुस्तावलेले असतात, पण उरलेलं अन्न तेवढं लगेच काढा. पितळेच्या भांड्यात झाकून ठेवून संध्याकाळी गरम करू असं अजिबात नको, कल्हई असली तरी. स्टीलच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये. भांडी रात्रभर सिंकमध्ये भिजत ठेवायची नाहीत. कामाला येणाऱ्या मावशींवर हे सोपवणार असाल तर कुठल्या भांड्याला कुठली घासणी ते दाखवून द्या, नाहीतर जुनी भांडी त्या दिवशी आपणच धुवावीत, मला तरी तेच पटतं, अर्ध्या तासाचं काम असतं.

पुसून झाल्यावर पंख्याखाली पालथी घालून तासभर ठेवा, काठाच्या वळीत पाणी अडकतं. चांदी जुन्या मलमलच्या तुकड्यात गुंडाळून झिपच्या पिशवीत, हवा काढून टाकून. रबरबँड लावू नका, रबरात गंधक असतं, जिथे लागेल तिथे काळा पट्टा उमटतो. पितळ सुती कापडात, आणि पावसाळ्याआधी औषधांच्या बाटल्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या सोबत टाका. बश्यांच्या मधे एकेक जाड कागद घाला, एकावर एक सहापेक्षा जास्त रचू नका.

आणि कृपा करून सगळं पुन्हा माळ्यावर चढवू नका. दोन वाट्या, एक फुलपात्र, एक ताट तरी खालच्या कपाटात हाताशी ठेवा. गुरुवारच्या साध्या वरण-भातालाही ती चालतात, आणि रोज हात लागलेलं पितळ सहसा मोडीत काढलं जात नाही.